धाकू गाईडचा राखणदार

घाटकोपरच्या भटवाडीत ‘धाकू घाडी कुठे राहतात’ असं विचारलं असतं तर लोकांनी तुम्हाला टेकडीवरच्या सगळ्या बोळांतून हिंडवून पुन्हा खाली आणून सोडलं असतं. ‘धाकू गाईड’ म्हटलं की मात्र कोणीही थेट दारात नेऊन उभं करायचं. आता हा गाईड म्हणजे छातीवर सरकारी बिल्ला लावलेला गाईड नव्हे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस धाकू मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता, आणि त्याआधी बावीस वर्षं त्याने लालबागच्या गिरणीत कापड विणायचे साचे चालवले होते. राहिलेला एक दिवस, जानेवारीतला एक रविवार, तो गाईड व्हायचा. ‘एक दिवसाची पुणे सहल, आगगाडीने, गाईडसह’ असा कागद डिसेंबरात वाण्याच्या दुकानावर लागला की धाकूची मान ताठ व्हायची, आणि साहेबाला सलाम ठोकतानासुद्धा ती ताठच राहायची.

हे गाईडपण त्याच्या गळ्यात पडलं ते एकोणऐंशी साली. गिरणीतल्या त्याच्या खात्याची सहल पुण्याला गेली होती. तिथे ठरवलेला गाईड स्टेशनवर आलाच नाही. चाळीस माणसं फलाटावर एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली, तेव्हा धाकू एका बाकावर चढला आणि म्हणाला, “चला माझ्या पाठसून!” त्याने स्वतः पुणं त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही मावसभावाच्या लग्नात जेवणावळीपुरतं. पण आवाज होता. त्याचा आजा येसबा कोकणातल्या त्यांच्या गावचा घाडी, म्हणजे देवापुढे उभं राहून अख्ख्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा मानकरी. तो खणखणीत आवाज नातवाकडे आला होता. इतिहास म्हणाल तर चौथीच्या पुस्तकातला होता, आणि त्यात दशावतारातल्या राजांचा रुबाब मिसळला की चाळीस माणसांचं दिवसभर सहज भागत होतं.

त्या पहिल्याच दिवशी धंद्याचं मर्म त्याला कळलं. गाईडने ‘माहीत नाही’ असं कधी म्हणायचं नाही. वाड्याच्या दरवाजाला खिळे किती? एकशे आठ. विहीर किती खोल? सात पुरुष. हा जिना कुठे जातो? तो आता बंद केलाय. एकदा चाचरलात की माणसं पांगतात, कोणी पेरू खात बसतं, कोणी बागेत आडवं होतं आणि परतीची गाडी चुकते. थोरामोठ्यांच्या बाबतीत मात्र तो पुस्तकाबाहेर एक शब्द जायचा नाही. खोटं बोलायचं ते खिळ्यांपुरतं आणि विहिरींपुरतं, असा त्याचा नेम होता.

हा नेम पहिल्याच सहलीत मोडला, त्याला कारण एक दगड.

परक्या गावात शिरताना तिथल्या राखणदाराला नारळ द्यायचा, हे कोकणातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. राखणदार म्हणजे वेशीवर बसून गाव सांभाळणारा. त्याला न विचारता पुढे गेलं तर पाय मुरगळतो, पोट बिघडतं, माणूस हरवतो. चाळीस माणसांची जबाबदारी अंगावर आलेली, आणि अशा मोठ्या शहराची वेस कुठे शोधायची? पर्वतीकडे जाताना कालव्याच्या काठाला उंबराखाली गुडघाभर उंचीचा एक काळा दगड दिसला. धाकूने पाठीमागून वाकून पाहिलं, तर त्यावर इंग्रजीत सतरा नंबर कोरलेला. कालव्याच्या हद्दीचा सरकारी दगड! पण माणसं उन्हात ताटकळली होती. राखणदाराला बसायला कुठलाही दगड चालतो, असं स्वतःला समजावून धाकूने नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, चाळीस जणांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साद दिली. इथवर काही बिघडलं नव्हतं.

तेवढ्यात गिरणीवाल्यांची खानावळ चालवणाऱ्या सोनूबाईने हे ठाणं कुठल्या देवाचं ते विचारलं, “धाकू, ह्यो कोणाचो थळ रे?”

‘माहीत नाही’ म्हणायचं नव्हतं. धाकूच्या तोंडून निघून गेलं, “येसबाचो!” आजाचं नाव कसं तोंडात आलं, देव जाणे. एकदा नाव निघाल्यावर पुढची गोष्ट आपोआप आली. येसबा हा पेशव्यांच्या काळातला चौकीदार, एका डोळ्याने अधू. शत्रू आला, सगळे पळाले, हा एका डोळ्याने रात्रभर पहारा देत इथेच उभा राहिला आणि सकाळी दगड झाला. त्याला नारळ आणि विडी आवडते. आजा खरोखरच एका डोळ्याने अधू होता आणि विडी ओढायचा. सोनूबाईचे डोळे पाण्याने भरले. गर्दीतून पाच-सहा विड्या दगडापुढे आल्या.

पुढे गिरण्यांचा संप झाला, धाकूचे साचे कायमचे थांबले, गिरणीची सहल भटवाडीची सहल झाली, पण दगड राहिला. सत्त्याऐंशीपर्यंत नऊ वर्षं नऊ नारळ. घरी आल्यावर धाकू बायकोला, प्रेमाला, दिवसभराचं पुणं पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. ती कधी सहलीला गेली नव्हती. अंथरुणाला खिळलेली सासू, दोन मुलींची बाळंतपणं, एक ना दोन. चुलीपुढे बसून ती ऐकायची, आणि शेजारणींना सांगायची, “आमच्या ह्यांका सगळा म्हायत आसता.” एवढी एक दगडाची गोष्ट धाकूने तिला कधी सांगितली नाही. ती येसबाच्या हाताखाली तीन वर्षं नांदली होती, तिने लगेच पकडलं असतं.

अठ्ठ्याऐंशी साली धाकूला कावीळ झाली आणि सहल निघाली नाही. त्याच वर्षी प्रेमाला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. मग बाजूने येणारी माणसं दिसेनाशी झाली, प्रेमा दाराच्या चौकटीला धडकू लागली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन केलं तर गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती टिकेल. नाही केलं तर वर्षभरात सगळाच अंधार. जानेवारी एकोणनव्वदमधला एक मंगळवार मिळाला. प्रेमा इतकी घाबरली होती की तिने दोनदा तारीख चुकवली होती. या वेळी ती म्हणाली, “माका आदी तुमचा पुणा बगूचा आसा. डोळे आसत तवसर.” सहल होती मंगळवारच्या आधीच्या रविवारी. धाकूने तिचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं.

दादरला सकाळची पुण्याची गाडी पकडली. कर्जतला वडे झाले, घाटातले बोगदे धाकूने नेहमीप्रमाणे मोजून दाखवले. प्रेमा खिडकीशी बसून समोर दिसेल तेवढं पोटभर बघत होती, आणि दर थोड्या वेळाने “ह्या तुमी सांगलेल्या तां?” असं विचारत होती. धाकूला उगाच भरून येत होतं. गेली नऊ वर्षं तो हिच्यासाठीच गाईड झाला होता, असं त्याला त्या गाडीत पहिल्यांदा वाटलं.

पुण्यात उतरून मंडळी पर्वतीच्या रस्त्याला लागली. पुढे धाकू, उलट्या छत्रीला पिवळा रुमाल बांधलेला, मागे छत्तीस माणसं. उंबर दिसला. उंबराखाली लाल-पांढरी फरशी दिसली. फरशीवर लोखंडी गज, गजांवर पत्र्याचं छप्पर, छपरावर भगवा झेंडा. धाकूला वाटलं आपण रस्ता चुकलो. तो थांबला, मागच्या माणसांनी त्याच्या पाठीला धक्के मारले, आणि मग त्याने पाटी वाचली. ‘श्री येसबा राखणदार. पेशवेकालीन जागृत देवस्थान. डोळ्यांचे विकार बरे होतात.’

धाकूच्या हातातून छत्री पडली ती लवूने उचलली. लवू त्याच्या शेजारच्या खोलीतला, सहलीची पाण्याची पिंपं सांभाळणारा. “आयला धाकू, झकास देऊळ बांधला रे तुझ्या येसबाचा!” असं म्हणून तो चपला काढायला धावला.

धाकू गजांना धरून आत बघत राहिला. दगडाला बोटभर जाडीचा शेंदूर. त्याला चांदीचा डोळा बसवला होता, एकच, डाव्या बाजूला. उजव्या बाजूला डोळ्याची जागा रिकामी ठेवली होती. आजाचा उजवाच डोळा गेला होता! पुढे नारळांची रास आणि तबकात सुट्या विड्या. दहा वर्षांपूर्वी उन्हात ताटकळलेल्या माणसांपुढे जे सुचलं ते बोलून मोकळा झालो, आणि ते सगळं इथे डोळा उघडून बसलंय.

पुजारी साठीचे, टोपी घातलेले, अगदी सज्जन गृहस्थ होते. समोरच्या बाजूला पूर्वी त्यांचं सायकलचं दुकान होतं. ते मंडळींना देवाची माहिती सांगू लागले आणि धाकू आपलीच गोष्ट आ वासून ऐकत राहिला. चौकीदार, पहारा, सकाळी दगड. मध्ये एक पांढरा घोडा आला होता, तो मात्र धाकूचा नव्हता.

“ही माहिती आपल्याला कोणी सांगितली?” धाकूने कसंबसं विचारलं.

“आमच्या आजोबांकडून ऐकलंय,” पुजारी म्हणाले. “पूर्वापार चालत आलेलं आहे.”

धाकू त्यांना बाजूला घेऊन गेला. “अहो, हे सगळं मी रचलंय. एकोणऐंशी साली. मी इथे पहिला नारळ फोडला.”

पुजाऱ्यांनी त्याच्याकडे मोठ्या कनवाळूपणे पाहिलं. “आपण गाईड आहात ना? गाईड लोकांना अर्धवट माहिती असते, चालायचंच. मी दुकानातून वर्षानुवर्षं बघत होतो. मुंबईहून दर जानेवारीत माणसं आगगाडीने येतात, नारळ फोडतात, मोठ्याने हाका मारतात. एवढ्या लांबून माणसं उगाच येतील का? माझ्या बहिणीच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. तिने नवस केला, पंधरा दिवसांत थांबलं.”

यावर काय बोलणार? आमच्यामुळे देव झाला म्हणावं, तर ते तरी दुसरं काय सांगत होते.

तेवढ्यात मागून प्रेमाचा आवाज आला. आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. “ओ, आयकलात? येसबा! आज्याचाच नाव. आणि डोळो पण एकच. तोच बाजूचो!” तिने धाकूचा हात घट्ट धरला. “ह्यो आपलो आजोच हय येवन बसलो हा. माझ्यासाठी बसलो हा.”

“प्रेमा, आयक माझा…”

“भटजी, डोळ्याक काय करूचा लागता?”

पुजाऱ्यांनी सांगितलं. इथला अंगारा रोज सकाळी डोळ्यांत घालायचा, एकवीस मंगळवार विडी वाहायची. “फक्त एक आहे बाई. त्या काळात डोळ्याला चाकू लावून घ्यायचा नाही. चाकू लागलेल्या डोळ्याला येसबा हात लावत नाही.”

“लावचंय नाय,” प्रेमा म्हणाली. वर्षभरात धाकूने तिचा चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता. “मी मंगळवारी जावचंय नाय ओ. ऱ्हवांदे ता आपरेशन.” आणि तिने पदर पसरून अंगाऱ्याची पुडी घेतली.

त्या पुडीकडे बघताना धाकूला आपण आठ वर्षांचे असतानाची गावची पडवी आठवली. घरात सगळे सांगायचे, बैलाने शिंग मारलं म्हणून आजाचा डोळा गेला. प्रेमालाही तेच सांगितलेलं. खरं धाकूला माहीत होतं, कारण त्याने पाहिलं होतं. आजाचा डोळा लाल झाला होता, ठणकत होता. तालुक्याला सरकारी डॉक्टर होता. पण गावाची गाऱ्हाणी देवापुढे घालणारा घाडी स्वतः डॉक्टरकडे गेला तर गाव काय म्हणेल? म्हणून आजा रोज पडवीत बसून डोळ्यात अंगारा भरायचा. तीन महिने भरला. भरताना ओठ दाताखाली धरायचा. तो फुटका डोळा धाकूने उचलून पुण्याला आणला आणि दगडाला बसवला, आणि आता त्यावर बायकोचा डोळा जाणार होता.

तिला बाजूला घेऊन सांगितलं तर? ती म्हणेल, मला ऑपरेशनला न्यायला हे बोलताय. खिळे आणि विहिरी सांगणाऱ्याने आता कुठल्या तोंडाने खरं सांगायचं?

“धाकू, घाल रे गाऱ्हाणा! पर्वती चढूची आसा,” सोनूबाई ओरडली. छत्तीस माणसं हात जोडून उभी होती. लवूने नारळ त्याच्या हातात दिला. मग धाकूच्या मनात आलं, माणसांपुढे काहीही सांगता येतं, पण देवापुढे उभं राहिलं की घाडीचा मान आडवा येतो. गाऱ्हाण्यात घाडी खोटं बोलत नाही. प्रेमालाही हे माहीत होतं. त्याने डोळे मिटले आणि आवाज लावला.

“बा म्हाराजा! आज ही मुंबयची लेकरा तुझ्या पायाकडे इली हत!”

“व्हय म्हाराजा!” छत्तीस गळे गरजले.

“ह्यो देव नाय, म्हाराजा! ह्यो कालव्याच्या हद्दीचो सरकारी दगड! तेच्या पाठीर इंग्रजी सतरा नंबर आसा!”

“व्हय म्हाराजा!”

धाकूला वाटलं होतं, इथेच गलका होईल, कोणी थोबाडीत मारेल. साद आली ती आधीपेक्षा मोठी. त्याने डोळे उघडले. माणसं डोळे मिटून डुलत होती. पण आता थांबता येत नव्हतं.

“चौकीदाराची गजाल खोटी, म्हाराजा! ती मीच रचलंय! येसबा म्हंजे माझो आजो, येसू घाडी!”

“व्हय म्हाराजा!”

“आज्याचो डोळो बैलान फोडूक नाय! डाक्टराकडे गेलो तर लोक हसतीत म्हणान तेना तीन म्हयने अंगारो भरलो, आणि डोळो घालवल्यान! मी आठ वर्साचो होतंय. मी बगलंय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या खोट्याची शिक्षा माका कर! पण माझ्या बायलेचो डोळो ह्या दगडाक सोपवू नको, म्हाराजा! तिका मंगळवारी डाक्टराकडे जाव दे!” शेवटी आवाज फुटला, त्याला रडू आलं.

“व्हय म्हाराजा!” लोकांनी गर्जना केली, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. सोनूबाई डोळे पुसत आली. “काय गाऱ्हाणा घातलंस रे धाकू! अंगार काटो इलो. असा कधी घालूक नाय तू.”

“सोनूबाय, मी काय बोललंय ता आयकलंस?”

“आयकला तां! बरा केलंस, सगळ्यांचा भला मागलंस.”

आयुष्यात पहिल्यांदा धाकूने छत्तीस माणसांपुढे शब्दन्‌शब्द खरा सांगितला होता आणि एकाच्याही कानात तो शिरला नव्हता. पुजारीसुद्धा खूश होऊन म्हणाले, “कोकणातली पद्धत फार छान आहे हो तुमची.”

प्रेमा मात्र जागची हलली नव्हती. तिने साद दिली नव्हती. पुडी मुठीत घेऊन ती दगडाजवळ गेली. लोकांना वाटलं प्रदक्षिणा घालतेय. बाजूचं दिसत नव्हतं म्हणून गज चाचपत ती मागे गेली, खाली बसली आणि गजांतून हात घालून दगडाच्या पाठीवर तळहात ठेवला. बोटं शेंदरावरून खाली सरकली, थांबली, परत वर आली. भिंतीवरच्या घड्याळामुळे इंग्रजी आकडे तिला येत होते. तिने बोटाने एक गिरवला. मग सात गिरवला. कितीतरी वेळ ती तशीच बसून होती. लवूने हाक मारली तेव्हा उठली, पुडी तबकात विड्यांशेजारी ठेवली आणि धाकूकडे न बघता पर्वतीच्या पायऱ्यांकडे चालू लागली.

त्या दिवशी उरलेलं पुणं लवूने दाखवलं. धाकू सगळ्यांच्या मागून चालत राहिला. वाड्याच्या दरवाजापाशी प्रेमा क्षणभर थांबली, खिळ्यांवरून हात फिरवला आणि पुढे गेली.

परतीच्या गाडीत मंडळी पेंगत होती. लोणावळा गेलं, खंडाळा गेलं, प्रेमा खिडकीबाहेर बघत राहिली. धाकूला वाटत होतं, हिने आपल्याला चार शिव्या द्याव्यात. कर्जत आल्यावर ती बोलली.

“दरवाजाचे खिळे? एकशे आठ?”

“मोजूक नाय कधी,” धाकू म्हणाला.

“ती विहीर?”

“ती पण नाय.”

“आणि आज्याचा? अंगाऱ्याचा?”

“ता खरा. देवाशप्पत खरा.”

“नऊ वर्सा चुलीपुढे बसान आयकत होतंय मी,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांक सांगत होतंय, आमच्या ह्यांका सगळा म्हायत आसता.” धाकूने मान खाली घातली. त्याला इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

मंगळवारी पहाटे धाकू उठला तेव्हा प्रेमा लुगडं नेसून, पिशवी भरून दाराशी बसली होती. दोघं हॉस्पिटलात गेली. नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या. प्रेमाने एकेक बांगडी काढून धाकूच्या हातात दिली. शेवटची बांगडी मनगटावरच धरून तिने विचारलं, “बरा होतला मां ओ?”

बाहेर बाकांवर बसलेले सगळे नवरे आपापल्या बायकांना ‘काही होणार नाही’ म्हणत होते. धाकूच्याही जिभेवर ते आलं होतं. दहा वर्षांत एकाही प्रश्नाला तो अडला नव्हता.

“माका म्हायत नाय, प्रेमा,” तो म्हणाला. “पण मी हयसर बसान आसंय. हलूचंय नाय.”

तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं, जेवढा तो त्या उरलेल्या नजरेत मावत होता तेवढा. मग शेवटची बांगडी त्याच्या हातावर ठेवली आणि नर्सच्या मागून आत गेली.

नजर टिकली. पूर्वीइतकी नाही, पण डॉक्टर म्हणाले होते तेवढी. आणि भटवाडीत बातमी पसरली, येसबा पावला! सोनूबाई मार्चमध्ये मुद्दाम पुण्याला जाऊन नारळ फोडून आली. धाकूने खोलीखोलीत जाऊन सांगितलं की हे डॉक्टरने केलं, देवाने नाही, आणि तो देवही नाही, कालव्याचा दगड आहे. लोकांनी ऐकून घेतलं आणि बायकोच्या आजारपणामुळे बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं आपसांत ठरवलं. डिसेंबरात वाण्याच्या दुकानावर कागद लागला, त्यावर गाईड म्हणून लवूचं नाव होतं. “तू आता परत्येक गोष्टीक ‘म्हायत नाय’ म्हणतस रे धाकू,” लवू ओशाळून म्हणाला. “असो गाईड कोणाक होयो?”

जानेवारीत सहल निघाली तेव्हा धाकू कारखान्याच्या पाळीसाठी डबा घेऊन दारात उभा होता. समोरून मंडळी टेकडी उतरत होती, पुढे लवू, उलट्या छत्रीला तोच पिवळा रुमाल. सोनूबाई दाराशी थांबली आणि प्रेमाला म्हणाली, “गो प्रेमा, नारळ देतंस? तुझ्या डोळ्यासाठी फोडतंय. येसबाक काय सांगू?”

प्रेमा चष्मा लावून तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“नारळ नको,” ती म्हणाली. “आज्याक एवढाच सांग, तुझी नातसून डाक्टराकडे गेली.”